गाडीचा घास

देवी गाडीच्या तारा खात नाही, असं झुंबरबाई जीपच्या स्टँडवर भर गर्दीत म्हणाली, आणि पुढचा आठवडाभर पिंपळगाव रेणुकाईत दुसरा विषय निघाला नाही. बाईमाणसानं असं बोलावं का, आणि तेही देवळाच्या कमानीसमोर उभं राहून, यावर पारावर, पिठाच्या गिरणीवर, न्हाव्याच्या खुर्चीत चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते ऐकलंच नव्हतं. पण मत द्यायला ऐकावं लागतं असं कुणी सांगितलंय?

खरं तर झुंबरबाईइतकी देवीची भक्त त्या आळीत दुसरी नव्हती. दर मंगळवारी अनवाणी दर्शनाला जायची, ओटी भरायची, नवरात्रात घटाला माळ चढवल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही. तिचं भांडण देवीशी नव्हतंच. तिचं भांडण उंदरांशी होतं. आता उंदरांची बाजू घ्यायला माणसंच मध्ये पडली, त्याला ती बिचारी काय करणार!

तिचा नवरा बद्रीनाथ बरीच वर्षं कारभारीच्या जीपवर ड्रायव्हर होता. कारभारीच्या दोन जीपा भोकरदनच्या लाईनीला चालायच्या आणि स्टँडवर शब्दही त्याचाच चालायचा. माणूस तसा वाईट नव्हता. दिवाळीला ड्रायव्हरच्या पोरांना कपडे करायचा, कुणाचं दुखलंखुपलं तर गाडी द्यायचा. पण बद्रीनाथला बोलवायची त्याची एक तऱ्हा होती. नाव नाही, हाक नाही, नुसती शीळ. शीळ ऐकली की बद्रीनाथ हातातला चहा तसाच खाली ठेवून उठायचा. झुंबरबाईनं हे एकदा बाजाराच्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. घरी आली, हातातल्या पाटल्या काढून नवऱ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "ह्या इका, बैलजोडी इका, पर सोताची गाडी घ्या. माणसाला शीळ घालून बोलवत्यात व्हय? कुत्र्याला बी नाव असतं."

१९९७ सालच्या दसऱ्याला जुनी कमांडर जीप दारात आली. झेंडूच्या माळा लागल्या, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि बद्रीनाथ आपल्या गाडीचा मालक झाला. झुंबरबाईनं त्या दिवशी जीपला नाही, नवऱ्याला ओवाळलं. लोक हसले. हसू देत.

आता स्टँडच्या रीती सांगितल्या पाहिजेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाड्या नंबरानं लागायच्या. नंबर असेल तर धंदा. नंबर नसलेल्या गाडीत सवारी बसूच दिली जायची नाही. आणि सवारी भरलेली गाडी तीनदा बंद पडली की तिचा नंबर कापायचा, म्हणजे लोकांचा स्टँडवरचा भरवसा उडत नाही. नियम कारभारीनं केला होता आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलवायला काही लागत नाही.

दुसरी रीत शुक्रवारची. पहिल्या खेपेआधी बॉनेट उघडायचं, पुढच्या हुकावर नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचे तुकडे गुळाच्या खड्याबरोबर आत बॅटरीशेजारी ठेवायचे. याला गाडीचा घास म्हणत. पोळ्याला बैलाला घास देतो, मग रोज मरमर पळणाऱ्या गाडीनं काय घोडं मारलंय? या भागात बैलाच्या जागी जीप आली तेव्हा बैलाचा मानही तिच्याकडे आला. बद्रीनाथ तर याबाबतीत फार कडक. एक वेळ गाडीत डिझेल कमी असेल, पण घास चुकायचा नाही.

दिवाळी सरली आणि पहिला दणका बसला. गाडी भरून भोकरदनला निघाली होती. नाला ओलांडून चढाला लागली, तोच बॉनेटमधून धूर आला. मागच्या बाकावरच्या बायकांनी कोंबड्यांसकट खाली उड्या मारल्या. बद्रीनाथनं बॉनेट उघडलं तर आत तारांची सालटी निघालेली, नागडी तांब्याची तार एकमेकींना चिकटून जळलेली. कारभारीची गाडी मागून आली आणि सवारी घेऊन गेली. जाताना कारभारीनं खिडकीतून एक बोट वर केलं. एक झाली.

भोकरदनला शिराजोद्दीनचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी आणि तिच्यापुढे तेलानं काळी झालेली जमीन. त्यानं तारा बघितल्या आणि सांगितलं, "बद्रीभाई, चूहा हाय. बिलकुल चूहा. दातं पाहा ना."

बद्रीनाथ स्टँडवर येऊन म्हणाला, उंदीर लागलेत. कारभारीनं मान हलवली. "उंदीर सगळ्या गावात हायत बद्री. तुझ्याच गाडीला काहून लागले? घास देतो का बराबर?"

"देतो ना. एक शुक्कर चुकवला न्हाई."

"मंग कमी पडून राह्यला आसंल. दारात नवी आलेली गाडी हाय, तिची भूक जास्त. रोज देत जा."

आणि बद्रीनाथ रोज द्यायला लागला. एवढंच नाही, खुद्द झुंबरबाईही त्यात पडली. शुक्रवारी पुरण घालून त्याचा चांगला मूठभर मुटका ती नवऱ्याच्या हातात द्यायची आणि सांगायची, हे बी ठेवा, वरून तूप सोडलंय. बॅटरीच्या बाजूला खोबरं, गूळ, पुरण, तूप. पंगतच म्हणा ना. उंदरांनी आपल्या पाहुण्यांनाही आवतण धाडलं असणार.

महिना उलटायच्या आत दुसरा दणका. भोकरदनच्या बाजारात भरलेली गाडी निघायच्या वेळेला स्टार्टरच लागेना. सवारी उतरली, चार जणांनी धक्का मारला, गाडी तरीही ढिम्म. शेवटी लोक दुसऱ्या गाडीत जाऊन बसले. आता कारभारीला बोट दाखवायचीही गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं की बद्रीनाथच्या गाडीवर देवी कोपली. देवीनं उंदीर धाडले. बायकोच्या पाटल्या मोडून गाडी घेतली, ती लाभायची कशी?

हे शेवटचं वाक्य झुंबरबाईच्या कानावर पडलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पाटल्या तिच्या, मोडल्या तिनं, आणि दुखतंय गावाला! दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर शिराजोद्दीनकडे गेली. तारा तरी बघू म्हणाली, कशा खाल्ल्यात ते.

शिराजोद्दीन गाडीखाली शिरला आणि झुंबरबाई टपरीत बसली. समोर खिळ्याला तारांचा एक भारा टांगलेला होता. लाल, पिवळ्या, निळ्या तारा, सगळ्या तुटक्या, आणि प्रत्येकीवर तीच दातांची नक्षी. ती बघत राहिली. एवढ्या तारा एका जीपच्या असूच शकत नव्हत्या. जीपमध्ये एवढ्या तारा मावायच्याच नाहीत.

"शिराजभाई, ह्या समद्या आमच्याच गाडीच्या काय?"

शिराजोद्दीन गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, तिच्याकडं पाहिलं आणि भाऱ्याकडं पाहिलं. "भाभी, हकीम आन वायरमन, दोघांनी बी कुणाचं दुखणं बाहेर सांगायचं न्हाई. उद्या तुमचं बी मी कुणाला सांगणार न्हाई."

झालं, तिला कळायचं ते कळलं. स्टँडवरच्या सगळ्यांनाच उंदीर लागले होते. कुणी बोलत नव्हतं इतकंच. बोललं की देवी कोपली असं ठरणार, म्हणून जो तो गुपचूप इथं येऊन तार जोडून जात होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण उंदीर का लागतात हे अजून कळलं नव्हतं. ते कळलं चुलीपाशी. त्याच संध्याकाळी तिनं घरातल्या उंदरांसाठी पिंजरा काढला. सरकीच्या पोत्याजवळ उंदीर झाले होते. पिंजऱ्याच्या आकड्याला लावायला तिनं डब्यातून खोबऱ्याचा तुकडा घेतला, चुलीवर जरा भाजला, म्हणजे वास लांब जातो, आणि आकड्याला टोचता टोचता तिचा हात थांबला. ती तशीच बसून राहिली. चुलीवरची भाकरी करपली तरी बसून राहिली.

"अहो," तिनं हाक मारली, "उंदीर पिंजऱ्यात यायला काय लावत्यात?"

बद्रीनाथ ओसरीवर विडी ओढत होता. "खोबरं. हे काय इचारायचं झालं?"

"गाडीत काय ठिवता तुमी?"

 विडी विझली तरी त्यानं ती पुन्हा पेटवली नाही. झुंबरबाईला आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच भयंकर राग आला. तूप सोडलं होतं तिनं वरून! रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं ऐकलं होतं. इथं तर इंजेक्शननंच रोग होत होता.

पुढच्या शुक्रवारी ती नवऱ्याबरोबर स्टँडवर गेली. बद्रीनाथनं नारळ फोडला. खोबरं आत ठेवायला हात पुढे केला, तो झुंबरबाईनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं, देवळाच्या दिशेनं एकदा वर केलं आणि गाडीत बसलेल्या सवारीला वाटायला लागली. घ्या, परसाद घ्या. पोराच्या हातात द्या.  कारभारी चहाच्या बाकड्यावरून उठला.

"वहिनी, घास गाडीचा असतो. हे काय करून राह्यल्या तुमी?"

"बैलाला घास दिला तर बैल खातो, कारभारीभाऊ. गाडी खाती का?"

"देवीच्या नावाचा असतो तो. देवीला पोचतो."

"देवीला दाखवला ना आत्ताच. नारळ देवीचा, खोबरं माणसाचं. इंजिनात ठेवलेलं देवी खात न्हाई, उंदीर खात्यात. आन ते खाऊन झाल्यावर तोंड पुसायला तारा हायतच. देवी तारा खात न्हाई."

"आमच्या गाड्यांना बी घास हाय," कारभारी म्हणाला. "आमच्या कुठं तुटत्यात तारा?"

झुंबरबाईच्या जिभेवर तो भारा आला होता. पण शिराजोद्दीननं सगळ्यांचं झाकलं होतं, तर तिनं ते उघडं करायचं नाही एवढी रीत तिला कळत होती. ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ गावानं आपल्या सोयीनं लावला.

त्यानंतर झुंबरबाई उंदरांच्या मागे हात धुऊन लागली. बॉनेट उघडून तिनं रॉकेलच्या चिंध्यांनी इंजिनाचा कोपरानकोपरा पुसला. बॅटरीखालून खोबऱ्याची सालं निघाली, कापसाचं घरटं निघालं, पुरणाचा वाळलेला गोळा निघाला. तो बघून ती शरमेनं लाल झाली. सोड्याच्या पाण्यानं वास घालवला. गाडी आधी सरकीच्या पोत्यांशेजारी पडवीत उभी राहायची. ती तिनं तिथून काढून अंगणाच्या मधोमध मोकळ्यावर लावायला सांगितली. खालच्या भोकांना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी तारेनं बांधली. डांबरगोळ्यांची पुरचुंडीही आत लटकवून बघितली, पण तिच्या वासानं उंदरांआधी सवारीच शिंकायला लागली, म्हणून ती काढली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गाडी उभी केली की बॉनेट उघडंच ठेवायचं. उंदराला अंधार, ऊब आणि आडोसा लागतो. उघड्यावर बसून जेवायला तो काही लग्नाचा वऱ्हाडी नाही. शेजारीपाजारी हसले. बद्रीच्या गाडीनं आ वासलाय म्हणाले. झुंबरबाई म्हणाली, "वासू द्या. तोंड मिटून बसणाऱ्यांची दशा मला म्हाईत हाय."

आणि गाडी चालली. संक्रांत गेली, शिमगा गेला, एक तार तुटली नाही. बद्रीनाथची मान हळूहळू सरळ झाली. चहा पुरता पिऊनच तो उठायला लागला. झुंबरबाई मनातून इतकी सुखावली होती की तिनं ते कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. होय, तिचाही दृष्टीवर विश्वास होता. माणूस सगळ्याच बाजूंनी शहाणा थोडाच असतो!

मग यात्रा तोंडावर आली. यात्रेत स्टँडला मरणाची गर्दी. वर्षाचा धंदा तेवढ्यात व्हायचा. सगळ्या गाड्या धुतल्या, हार घातले, बॉनेटांत भरभरून घास गेले. एकट्या बद्रीनाथची गाडी कोरडी. त्याला कसंतरी व्हायला लागलं. बायकोचं पटत होतं, पण पटलेलं डोक्यात राहतं आणि भीती पोटात. त्यातच कारभारीनं त्याला बाजूला घेतलं आणि मायेनंच सांगितलं, "यात्रा हाय बद्री. देवीच्या दारात गाडी उपाशी नको. बायकोला सांगू नको, पर घास ठेव."

बद्रीनाथनं ठेवला. बॅटरीच्या मागे, उघड्या बॉनेटातूनही दिसणार नाही असा, कागदात गुंडाळून.

यात्रेच्या आदल्या दिवशी माणसांनी खच्चून भरलेली जीप नाल्याच्या चढावर धूर ओकून उभी राहिली. सवारी पायी निघाली. ट्रॅक्टरनं ओढत गाडी दारात आणली, तेव्हा झुंबरबाई पदर खोचून बॉनेटपाशी गेली. तिला कागद सापडला. कागदाच्या चिंध्या, उंदराच्या लेंड्या, आणि अर्धं कुरतडलेलं खोबरं.

बद्रीनाथ न्हाणीपाशी पाय धूत होता. धुवून झालेले पाय पुन्हा धूत होता.

"हे कुनी ठिवलं?"

"म्या."

"काहून?"

"कारभारी म्हनला ठेव. मला भ्या वाटलं." त्यानं वर पाहिलं नाही. "तुझ्यावर इश्वास न्हाई आसं न्हाई. पर भ्या वाटलं."

झुंबरबाईला त्याला खूप बोलायचं होतं. इतके महिने हात काळे केले, गावाचं हसू झेललं, आणि घरातल्याच माणसानं मागच्या दारानं उंदीर आत घेतले. रडू फुटायला आलं होतं. पण त्याची वाकलेली मान दिसली आणि तिला ती शीळ आठवली. ही मान एका दिवसात वाकलेली नव्हती, ती एका दिवसात सरळ कशी होणार? तिनं खोबरं पदरात बांधलं. "तारा जोडा," म्हणाली. "सकाळी गाडी नंबरात लावायची."

"नंबर कापतील सकाळी."

"कापू द्या, म्या हाय ना तिथं."

सकाळी देवळाच्या कमानीपासून स्टँडपर्यंत माणूसच माणूस होतं. गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि लाईनीत पहिला नंबर नेमका बद्रीनाथचा होता. कारभारी बाकड्यावर बसला होता. आजूबाजूला संपत, देवानंद आणि बाकीचे गाडीवाले उभे होते. त्यांच्या एकेकच गाड्या होत्या.

"तिसरी झाली बद्री," कारभारी म्हणाला. "नियम सगळ्यांना एकच. नंबर कापावा लागंल. मला काय बरं वाटून राह्यलं व्हय? पर तू काळजी करू नको. माझ्या गाडीवर तुझी जागा हाय. आजच बस. यात्रा हाय, मला माणूस पाहिजेच." आणि बोलणं संपल्यासारखं त्यानं आपल्या जीपकडे बोट करून शीळ घातली. मुद्दाम नाही, सवयीनंच.

बद्रीनाथचा पाय उचलला गेला. तोही सवयीनंच. झुंबरबाईनं चारचौघांत नवऱ्याच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. असं त्या गावात कुणी बाई करत नाही. मग तिनं पदराची गाठ सोडली आणि खोबरं बाकड्यावर, कारभारीच्या शेजारी ठेवलं.

"हे इंजिनातून निघालं. लपवून ठेव म्हनून तुमीच सांगितलं ना?"

"चांगल्यासाठीच सांगितलं."

"म्हाईत हाय मला. म्हनून तर राग येऊन राह्यला. वाईटासाठी सांगितलं असतं, तर ह्यांनी ऐकलंच नसतं." ती बाकीच्यांकडे वळली. "आता सगळ्यांनी आपापली बॉनेटं उघडा."

"कशापायी?"

"तारा पाहायच्यात. आमच्यावर देवी कोपली म्हनता, तुमच्यावर किती परसन्न हाय ते बी यात्रेला दिसू द्या. म्या कुनाचं नाव घेनार न्हाई. ज्यानं त्यानं आपलं उघडावं."

कुणी हललं नाही. एकानं खाकरून गळा साफ केला. देवानंद जमिनीकडे बघायला लागला. झुंबरबाई तशीच उभी राहिली. 

मग संपत पुढे झाला. त्यानं आपल्या जीपचं बॉनेट उघडलं आणि बाजूला सरकला. आत तारांपेक्षा काळा टेपच जास्त होता, आणि त्यावर आजचा ताजा घास. "माझ्या दिवाळीपासून चारदा तुटल्या," तो गाडीलाच सांगावं तसा म्हणाला. "घरी तुटल्या म्हनून वाचलो." त्याच्यामागे देवानंदनं उघडलं. मग एकेक करत ओळीतली बॉनेटं वर जायला लागली, आणि प्रत्येकात तोच टेप, तेच खोबरं. यात्रेकरू माना लांब करून बघत होते. कारभारीच्या दोन गाड्या तेवढ्या मिटलेल्या राहिल्या.

"माझ्या गाड्या रस्त्यात कधी बंद पडल्या का?" कारभारी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "नियम रस्त्याचा हाय."

"तुमच्या दोन हायत भाऊ. एक जरा कुरकुरली का दुरुस्तीला जाती, तवा दुसरी लाईनीत असती. ज्याला एकच हाय त्यानं काय करावं? हा कसला नियम? ह्यात बंद पडायचं आमीच, आन मोजायचं तुमी."

"जीभ मोठी झाली का तुमची, वहिनी! नंबर म्या कापला. ह्या गाडीला एक बी सवारी कुनी बोलवायची न्हाई."

"नका बोलवू," झुंबरबाई म्हणाली आणि गर्दीकडे तोंड करून ओरडली, "भोकरदन! चला भोकरदन!"

पहिल्यांदा आवाज फाटला. स्टँडवर बाईनं सवारी बोलवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिनं स्वतःही नाही. तिनं पुन्हा हाक दिली, आता पोटातून. एक फेटेवाले पाहुणे थबकले. "बाई, पोचवती का पर गाडी? काल म्हनं मधीच ऱ्हायली."

"काल ऱ्हायली, खरं हाय. आज उघडी करून ठिवलीय. या, डोळ्यांनी पाहा आन मंग बसा."

पाहुण्यांनी आत वाकून बघितलं. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे त्यांच्या बघण्यावरूनच कळत होतं. पण असं बघू दिलेलं त्यांना आवडलं असावं. ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्यामागे त्यांचा अख्खा गोतावळा चढला. मग संपतनंही हाळी दिली, "पहिला नंबर बद्रीनाथचा! भोकरदन!" आणि बघता बघता गाडी भरली, मागे दोघं लोंबकळले.

बद्रीनाथनं बॉनेट लावलं आणि आत बसला. झुंबरबाई त्याच्या शेजारी, पाहुण्यांना सरकवून. त्यानं किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली.

तेवढ्यात कारभारी उठला आणि गाडीच्या पुढे येऊन उभा राहिला. हात कमरेवर, नजर सरळ बद्रीनाथवर. आयुष्यभर या नजरेपुढे बद्रीनाथनं गाडी बंद केली होती. त्याचा हात किल्लीकडे गेला. झुंबरबाईनं ते पाहिलं. तिला त्याची बाही पुन्हा धरता आली असती, पण तिनं हात मांडीवरच ठेवले. हे तिचं काम नव्हतं.

बद्रीनाथचा हात किल्लीवर थोडा वेळ राहिला. मग त्यानं तो उचलला आणि हॉर्नवर दाबला. थोडा नाही, पूर्ण दाबला, आणि काढलाच नाही. देवळातली माणसं बाहेर बघायला आली. नारळवाले उठून उभे राहिले. मागच्या बाकावरचं पोरगं कानावर हात ठेवून हसायला लागलं. कारभारी उभा होता आणि हॉर्न वाजत होता, वाजतच होता, आणि बद्रीनाथ समोर बघत होता, मान ताठ करून.

कारभारी बाजूला झाला.